साडेचार वर्षांच्या पोराला मंद ठरवणारा तो मेसेज

परवा संध्याकाळी धाकट्या जावेकडे नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरला गेले, तर तिचा साडेचार वर्षांचा पोरगा रडत रडत वहीत क का कि की उतरवून राहिला होता, आणि ही मला म्हणते, "ताई, याला डॉक्टरला दाखवू का, याला आवाज जोडताच येत नाही." कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. त्यात लिहिलंय: मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून ध्वनिखेळ, म्हणजे शब्दातले आवाज ओळखायचे खेळ, वगैरे इंग्रजी शाळांचं फॅड आहे. चौथ्या वर्षी मुलाला शब्दातले आवाज फोडता-जोडता आले नाहीत तर बुद्धी मंद समजा. रोज पाच पानं बाराखडी लिहून घ्या. घरात वऱ्हाडी-हिंदी बोलू नका, कान बिघडतो. मी सोळा वर्षं पहिलीला शिकवते, हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते "मंद" बघू, कारण त्यानंच माझी जाऊ दोन रात्री झोपली नाही. १९७४ साली अमेरिकेत संशोधक इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार, पाच, सहा वर्षांच्या मुलांसोबत एक साधा खेळ केला. शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे तितक्या वेळा काडीनं टेबलावर टकटक करायचं. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना फु-टा-ळा (आपला नागपूरचा तलाव) सारखे मोठे तुकडे मोजता आले, पण सुटे आवाज, म्हणजे नाक मधले न्, आ, क्, हे एकालाही जमलं नाही. एकालाही नाही! पहिलीतल्या मुलांना विचारलं तेव्हा ७० टक्क्यांना जमलं. म्हणजे हे वयानं आणि अक्षरओळखीनं येतं, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं चौथ्या वर्षाची अट कुठून आणली देव जाणे. शिवाय आवाज शिकवू नका पण चौथ्या वर्षी आले पाहिजेत, हे दोन्ही एकाच मेसेजमधे कसं काय?

मी त्या पोराला मांडीवर घेतलं. फुटाळा म्हटलं, त्यानं लगेच तीन टाळ्या वाजवल्या. "ना... क, सांग काय?" "नाक!" मग अडत कुठे होता? आई त्याला "बऽ, सऽ" असं बाराखडीतलं अक्षर ओढून सांगून राहिली होती, तो इमानदारीनं "बऽसऽ" म्हणायचा आणि त्यातून बस निघतच नव्हती. चूक त्याची नाही ना! आपल्या ब, स सारख्या प्रत्येक अक्षराला अ चिकटलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी तो बोलताना गळतो. म्हणून सुरुवात म, स, न, ल ने करा, हे आवाज लांबवता येतात, म्म्म्मासा म्हणा, पोरगं आपोआप मासा म्हणतं. क, ट, प लांबत नाहीत, ते नंतर. मेट्रोत बसलात तर अजनीचा पहिला आवाज विचारा, खापरीचा विचारा, पाच मिनिटं पुरतात. हां, मागून हाक मारली तर वळत नसेल किंवा कान वाहत असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जरूर न्या, पण ती गोष्ट वेगळी.

जशी बोलतो तशी लिहितो, हे अर्धं खरं आहे, मानते. इंग्रजीपेक्षा आपलं पुष्कळ सरळ आहे. पण चार आणि चारा मोठ्यानं म्हणून बघा, च एकच, आवाज दोन. हे कानालाच शिकवावं लागतं, वहीत दिसत नाही.

बाराखडीबद्दलही एवढं कबूल करते की नुसत्या टाळ्या वाजवून वाचन येत नाही, अक्षर समोर ठेवून आवाज शिकवला तर जास्त फायदा होतो, वाचन कसं शिकवावं यावरचं संशोधन तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या समितीच्या २००० सालच्या अहवालातही तेच आहे. पण अक्षर दाखवणं म्हणजे साडेचार वर्षांच्या बोटांनी पाच पानं भरणं नव्हे, त्या बोटांत अजून पेन्सिल नीट बसत नाही.

आणि वऱ्हाडीनं कान बिघडतो म्हणे! माझ्या वर्गात दरवर्षी डोळ्याला डोया म्हणणारी पोरं येतात. मी डोया आणि डोळा दोन्ही म्हणून दाखवते, कुठला आवाज बदलला विचारते, आणि सगळ्यात आधी हात तीच पोरं वर करतात.