दरडीचा नकाशा सातबाऱ्यापर्यंत पोचावा

सोलापूरच्या आप्तांशी फोनवर दरडींचा विषय निघाला की 'तो कोकणचा आणि घाटमाथ्याचा प्रश्न, आपल्याकडे सपाट माळरान' असे ऐकू येते. मला ते पटत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण ज्या डोंगराखाली गाडले गेले, तिथला पाऊस डिंभे धरण, घोड आणि भीमा या वाटेने उजनीत येतो, आणि उजनीचेच पाणी सोलापूर पिते; म्हणजे त्या डोंगरांशी आपलाही संबंध आहे.

'भूवैज्ञानिकांनी नकाशे केलेच आहेत, आता आणखी काय हवे?' हे दुसरे मत मात्र तपासून पाहावे लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले, हे काम खरोखरच मोठे आहे. परंतु त्या नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, म्हणजे शंभर मीटरची वाडी दोन मिलिमीटरांत संपते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

मी राहतो त्या स्वित्झर्लंडमध्ये कँटनांनी, म्हणजे तिथल्या राज्यांनी, वस्त्यांचे धोक्याचे नकाशे इतके बारकाईने केले आहेत, की एकेक भूखंड ओळखता येतो. लाल पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही, निळ्यात अटींवर बांधता येते, पिवळ्यात मालकाला धोक्याची कल्पना दिली जाते. अर्थात नकाशाने सगळे भागत नाही. मे २०२५ मध्ये ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरडीखाली गेले, पण डोंगराच्या हालचालींवर सतत लक्ष असल्यामुळे सुमारे ३०० रहिवाशांना काही दिवस आधीच हलवले गेले होते.

हा देश लहान आणि श्रीमंत आहे, शिवाय बहुतेक कँटनांत इमारतींचा विमा सक्तीचा आहे. त्यामुळे ही व्यवस्था जशीच्या तशी आपल्याकडे आणा, असे मी म्हणणार नाही. लाल रेघ म्हणजे आदिवासींना हुसकावण्याचे निमित्त, ही भीतीही निराधार नाही. म्हणूनच गटनिहाय नकाशा ग्रामसभेसमोर ठेवून, हरकती ऐकून, धोक्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, आणि ज्यांना हलवायचे त्यांना शेतापासून चालत जाण्याच्या अंतरावर जागा दिल्याशिवाय घर सोडायला सांगू नये.