‘युअर नेम’ न बघता त्यावर मत कसं द्यावं

मत देण्यासाठी सिनेमा बघावा लागतो, ही समजूत आता मागे पडली आहे. तरीही काही भिडस्त मंडळी अजून पावणेदोन तास गप्प बसून राहतात आणि नंतर कुणी ‘कसा वाटला?’ विचारलं की त्यांना पटकन बोलता येत नाही. चारचौघांत पंचाईत होते. खास त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. नमुन्यादाखल मकोतो शिंकाईंचा ‘युअर नेम’ हा जपानी ॲनिमेशनपट घेतलाय, कारण गेल्या शनिवारी एका मित्राच्या घरी बऱ्याच जणांबरोबर तो बघायचा योग आला, आणि या कलेत आपला समाज कुठवर पोचलाय त्याचं मला जवळून दर्शन घडलं.

सुरुवात सिनेमा लागायच्या आधीपासून करावी. पडद्यावर पहिलं चित्र उमटताच मोठ्याने विचारा, “अरे, हे कार्टून आहे?” आवाजात थोडी फसवणूक झाल्याची छटा हवी. हा सिनेमा जपानमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये लागला आणि नुसत्या जपानात त्याने सुमारे २,५०० कोटी येनचा धंदा केला. म्हणजे तिकडच्या बालवाड्यांनी खाऊचे पैसे साठवून तिकिटं काढली असणार, दुसरं काय! घरात एखादं सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला ‘ये रे, तुझं लागलंय’ म्हणून पुढे आणून बसवा. टोकियोतला ताकी डोंगरातल्या मित्सुहाच्या अंगात जागा होऊन छाती चाचपायला लागला की त्याच मुलाला दंडाला धरून आत पाठवा, आणि ‘काय काय दाखवतात हल्ली मुलांना’ म्हणून दिग्दर्शकावर डाफरा. (तो विनोद शिंकाईंनी गरजेपेक्षा जास्त वेळा वापरलाय, हे माझंही मत. पण मी ते सिनेमा संपल्यावर बनवलं, त्यामुळे इथे ते बाद.)

पात्रांची नावं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. ‘ती मुलगी’, ‘तो मुलगा’, ‘ती आजी’ एवढ्यावर भागतं. डोंगराच्या कड्यावर दोघं जीव तोडून एकमेकांचं नाव आठवायचा प्रयत्न करत असतात, नेमकं तेव्हा ‘हिचं नाव काय होतं रे?’ असं विचारलंत तर तुम्ही प्रसंगाशी समरस झाल्यासारखंही दिसेल.

डोळे पाणावल्याचं स्टेटस पहिल्या अर्ध्या तासातच टाकून ठेवा. नंतर विसरायला होतं.

मग येते तुलना. ‘मियाझाकींची सर नाही’ हे वाक्य पाठ करून ठेवा (मियाझाकी म्हणजे जपानी ॲनिमेशनचे बुजुर्ग दिग्दर्शक), ते कुठल्याही जपानी ॲनिमेशनपटाला चालतं. त्यासाठी मियाझाकींचा एखादा सिनेमा बघितलेला असण्याची अट नाही. मियाझाकींचा जन्म १९४१चा, शिंकाईंचा १९७३चा. ही तुलना नको, असं स्वतः शिंकाई सांगून थकले. पण ते बिचारे दिग्दर्शक, त्यांना सिनेमातलं काय कळणार. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’चे ॲनिमेशन दिग्दर्शक मासाशी आंदो यांनीच ‘युअर नेम’चंही ॲनिमेशन दिग्दर्शन केलंय, असं कुणी मध्येच म्हणालं तर सरळ विषय बदला. ‘अहो पण गोष्टीत दम पाहिजे’ म्हणा. गोष्टीत दम पाहिजे याला आजवर कुणी विरोध केलेला नाही.

तुम्ही दुसऱ्या टोकाचे, म्हणजे जाणकार असाल, तर तुमच्यावर जबाबदारी मोठी. शेजाऱ्याच्या कानात सतत माहिती पुरवत राहा. शाळेतल्या बाई फळ्यावर लिहितात, तेव्हा ‘ह्या बाई शिंकाईंच्या आधीच्या सिनेमातल्या आहेत’ हे सांगायलाच हवं, नाहीतर शेजारी मरेपर्यंत अज्ञानात राहील. मूळ जपानीत बघायचा की इंग्रजी डबमध्ये, यावरून आधी वीस मिनिटं भांडा. गाणं सुरू झालं की ‘हे रॅडविम्प्स’ असं त्या बँडचं नाव घेऊन गाण्यावरून बोलत राहा, म्हणजे गाणं कुणाला ऐकू येणार नाही. आणि शेवटी नाराज व्हा. दोघं भेटतात हे तुम्हाला रुचलेलं नाही. ताटातूट झाली असती तर ते खरं शिंकाई, असं म्हणून चहाचा कप खाली ठेवा. मला या पोरांचं कौतुकही आहे, बरं का. शिंकाईंचा पुढचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्याकडे थेटरात लागावा म्हणून याच जमातीने ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या गोळा केल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो लागला. एवढं करून, थेटरात मात्र तोंड बंद ठेवायचं काही त्यांना जमेना.

दहापैकी सात द्या. सातला कुणी जाब विचारत नाही.

दारूचा प्रसंग आला की ‘ईईई’ म्हणा. मित्सुहा देवळात नाचते, मग तोंडात भात घेऊन चावते आणि लाकडी पेटीसारख्या भांड्यात तो सोडते. लाळेने पिष्टाची साखर होते, ती आंबते, तिची दारू होते. जगात बऱ्याच ठिकाणी दारू अशी करत असत. तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही, तुम्ही नाक मुरडा. गंमत अशी की पडद्यावर त्याच वेळी तिच्या वर्गातली टवाळ पोरं देवळाबाहेर उभी राहून नेमकं तेच करताहेत आणि ती लाजेने अर्धमेली झालीय. म्हणजे दिग्दर्शकाने तुमच्यासाठी जागा आधीच राखून ठेवली होती. जाऊन उभे राहा त्यांच्यात.

आता सगळ्यात वरचा वर्ग. इथवर पोचलात की तुम्हाला कुणी हरवू शकत नाही. वाक्य आहे: ‘लॉजिक गंडलंय.’

प्रश्न मीच तयार करून देतो, बिनधास्त वापरा. ताकी २०१६ मध्ये आहे, मित्सुहा २०१३ मध्ये. आठवड्यातून दोन-तीनदा ही दोघं एकमेकांच्या अंगात जातात, शाळेत जातात, एकमेकांच्या फोनमध्ये डायरी लिहितात, आणि तीन वर्षांचा फरक दोघांच्याही लक्षात येत नाही? फोनवर तारीख दिसत नव्हती? वार? ४ ऑक्टोबर २०१३ला शुक्रवार होता आणि ४ ऑक्टोबर २०१६ला मंगळवार, मग रविवारी शाळेत कोण गेलं? प्रश्न चोख आहे. त्याचं तितकंच चोख उत्तर सिनेमात नाही, तेही कबूल. जाग आली की सगळं स्वप्नासारखं पुसट होतं, एवढ्यावर शिंकाईंनी भागवलंय.

शनिवारी एका गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला. कसा विचारला ते मात्र सांगायला हवं. हे सद्गृहस्थ सोफ्याच्या मधल्या जागेवर बसले होते. ‘तिआमात’ नावाचा धूमकेतू आकाशात दुभंगला, त्याचा एक तुकडा लाल रेघ ओढत खाली यायला लागला, आणि यांच्या मांडीवर नकाशा उघडा. बिर्याणी मागवली होती. “हा अजून सिंहगड रोडलाच फिरतोय,” हा त्या दृश्यातला संवाद म्हणून माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. पुढे ताकी मित्सुहाचं गाव शोधत हिदाच्या डोंगरांत हिंडतो. बरोबर मित्र आणि ओकुदेराबाई. हातात आठवणीतून काढलेली पेन्सिलची चित्रं, कुणालाच ओळखू येत नाहीत. दमून तिघं एका रामेनच्या दुकानात बसतात आणि दुकानातली बाई चित्राकडे बघून सहज म्हणते, हे इतोमोरी ना? बेल वाजली. गृहस्थ दार उघडायला गेले, जाताना पडद्यासमोरून. मग वाचनालय. ताकी मृतांची यादी उघडतो, पानावरून बोट खाली खाली नेतो, आणि मित्सुहाचं नाव सापडतं, पुढे वय, १७. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. गृहस्थांनी तेवढ्यात जाहीर केलं, “रायता विसरला!” आणि ॲपवर तक्रार लिहायला घेतली. फोटोसकट. फ्लॅश मारून.

शेवटी टोकियोतल्या त्या पायऱ्यांवर दोघं एकमेकांना ओलांडून जातात, वळतात, बोलतात, पडदा काळा होतो. गाणं सुरू होतंय न होतंय तोच यांनी ट्यूबलाइट लावली. हात पुसत म्हणाले, “बरा आहे. पण लॉजिक गंडलंय. तीन वर्षं कळली कशी नाहीत?”

अहो, तुम्ही दार उघडायला गेला होतात तिथेच ते सांगितलं!

दुकानातल्या बाईने नाव घेतल्याबरोबर ताकीच्या बरोबरच्या दोघांना आठवतं. इतोमोरी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी धूमकेतू पडला तेच ना? दीड हजार वस्तीतली पाचशेवर माणसं एका रात्रीत गेलेली. देशभर बातम्या झालेल्या. खुद्द ताकीने तो धूमकेतू टोकियोतून डोळे भरून बघितला होता, सुंदर दिसतो म्हणून. आणि त्याच गावात तो आठवडेच्या आठवडे जाऊन राहतो, तिथल्या शाळेत बसतो, तिथल्या आजीबरोबर डोंगर चढतो, आणि त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही वाजत नाही. तीन वर्षांत पुसलं गेलं. वाराचं गणित तुम्ही खुशाल करत बसा. पाचशे माणसं गेली त्या गावाची आठवण तीन वर्षंसुद्धा टिकत नाही, हे शिंकाईंनी तुमच्या तोंडावर म्हटलंय, आणि तुम्हाला सलतोय तो रायता.

मार्च २०११चा भूकंप आणि त्सुनामी झाल्यावर या गोष्टीचं बी पडलं, हे शिंकाईंनी स्वतः सांगितलंय. एकदा ते धरून बघा, मग सिनेमात तुम्हाला फालतू वाटलेल्या जागा कशा बोलायला लागतात ते कळेल. आजी नातींना दोरे विणायला शिकवताना म्हणते, दोनशे वर्षांपूर्वीच्या आगीत देवळाची सगळी कागदपत्रं जळाली. नाच कसा करायचा ते उरलं, का करायचा ते गेलं. तुम्ही तिथे ‘आजी जाम बोअर करते’ म्हणून हसलात. आजी सांगत होती की बाराशे वर्षांपूर्वीही असंच आकाशातून काहीतरी पडलं होतं, पूर्वजांनी ते नाचात, दोऱ्यांत, गुहेच्या छतावर रंगवून ठेवलं होतं, आणि वाचणारं कुणी उरलं नाही. जपानच्या इवाते प्रांतात अनेयोशी म्हणून वाडी आहे. १९३३च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी वर चढणावर एक दगड उभा केला: याच्या खाली घरं बांधू नका. त्यांनी बांधली नाहीत. २०११ला पाणी दगडाच्या खालीच थांबलं. तिथे दगड वाचला गेला. इतोमोरीत वाचला गेला नाही. एवढा हा सिनेमा आहे, बाकी अंगांची अदलाबदल वगैरे तुम्हाला शेवटपर्यंत बसवून ठेवण्यासाठी.

आणि आता मला सांगा, इरशाळवाडी कधी झाली? फोन न बघता. अंदाजे नको. तोंडं काय बघताय एकमेकांची? जुलै २०२३. रात्री दरड आली, वाडी झोपेत होती. माळीण? ३० जुलै २०१४. दीडशेवर माणसं. आपल्याच पुणे जिल्ह्यात. गाव जागेवर नाही, हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला, रोजच्या रस्त्याने जाताना. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटसला मेणबत्त्या लावल्या होत्या. आणि आपण विचारणार, ताकीला आठवलं कसं नाही! लॉजिक गंडलंय म्हणे!

सिनेमावर बोलू नका असं कुणी म्हटलेलं नाही. चुका काढा की! मीच देतो एक: ताकीमुळे मित्सुहाला धूमकेतू पडायच्या दिवशी गाव वाचवायची दुसरी संधी मिळते, आणि ती शेवटी धावत बापाच्या कचेरीत जाते. बाप महापौर, आधी तिला वेड्यात काढलेलं. गाव वाचणं-न वाचणं त्या एका भेटीवर. आणि शिंकाई तिथेच कट करतात. तिने काय सांगितलं, त्याने का ऐकलं, काही नाही. अख्ख्या सिनेमातली सगळ्यात अवघड खोली, आणि दार आपल्या तोंडावर बंद. मला ही पळवाट वाटते, अजून वाटते. यावर शनिवारी भांडायची माझी तयारी होती. कुणाशी भांडू? एकालाही बाप आठवत नव्हता. ‘कोण बाप?’

आवडला नाही तर आवडला नाही म्हणा. रटाळ वाटला, रडका वाटला, गाणी डोक्यावर पडली, म्हणा, कोण तुमचं काय वाकडं करणार आहे? माझ्या आत्येबहिणीला अजिबात आवडला नाही; शेवटपर्यंत बघून, नीट कारणं देऊन तिला आवडला नाही, आणि तिच्याशी बोलताना मजा आली. पण अर्धा वेळ मान खाली घालून काढायची, उरलेल्या अर्ध्यात ‘आता काय झालं?’ विचारत बसायचं, ज्यांना बघायचाय त्यांचाही विचका करायचा, आणि वर दिवा लावून निकाल द्यायचा, याला मत म्हणत नाहीत. हा नुसता माज आहे. पावणेदोन तास फोन उपडा ठेवणं झेपत नसेल तर तसं आधीच सांगत जा. कुणी रागावणार नाही. सिनेमाला बोलावणार नाही एवढंच. जेवायला दुसऱ्या दिवशी या.