शिक्का नाही, तरी भाजी मावशीचीच

"पण त्यावर सेंद्रियचा शिक्का कुठं आहे?" आर्णीच्या आठवडी बाजारात एका मावशीकडून आणलेली भाजी दाखवली की हा प्रश्न येतोच. शिक्का नाही. तरी मी त्या मावशीकडूनच घेणार.

मागच्या बाजारी वांग्यांना हात घातला तर तिनंच अडवलं. "ताई, वांगे नका नेऊ आज. अळी लय झाली होती, पोरानं दुकानातलं औषध मारलं. चवळीच्या शेंगा घ्या, त्यायले काई नाई मारलं." वांगी काळी कुळकुळीत, देठाचे काटे हाताला टोचतील इतकी ताजी. गुपचूप विकली असती तर मला जन्मात कळलं नसतं.

तिचं वावर मी पाहून आले आहे. दोन एकर, लागूनच शेजाऱ्याची कपाशी. तिकडचा फवारा वाऱ्यानं येऊ नये म्हणून धुऱ्याला ज्वारीच्या दाट ओळी. गोठ्याजवळ ड्रममध्ये निंबोळी अर्क, १०० लिटर पाण्याला ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या. तो कडवट वास घरी येईपर्यंत ओढणीला होता.

तिनं सेंद्रियचा दाखला का नाही काढला? प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा तर फी, नोंदवह्या, तपासण्या, हंगामी पिकाला दोन वर्षं वाट पाहणं. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानंच एकमेकांची शेतं तपासून द्यायचा दाखला, स्वस्त आहे, पण त्याला निदान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो आणि तिच्या गावात असं पिकवणारी दोनच घरं. शिवाय लहान शेतकऱ्यानं थेट खाणाऱ्याला माल विकला तर २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांतही दाखल्यातून सूट आहे.

हर्रासातला, म्हणजे लिलावात घेतलेला माल 'गावरान' म्हणून गळ्यात मारणारेही याच बाजारात बसतात. मी फसले आहे. म्हणून विचारा, वावर कोणत्या शिवारात, अळीवर काय मारता, पाहायला येऊ का. ज्याचं खरं आहे तो "या न" म्हणतो. फसवणारा भाव कमी करतो.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. आपल्या ताटात येण्याआधी ते औषध मावशीच्या पोराच्या नाकातोंडात जातं. तिच्या दहा रुपये जास्तीवर मी घासाघीस करत नाही, तुम्हीही करू नका.

वांगी परत कधी, विचारलं. "या तोड्याचे ढोरायलेबी नाई घालत. पंधरा-वीस दिवस जाऊ द्या." तोवर आमच्याकडे चवळी.