युरियाचे रिकामे पोते

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भरणाऱ्या रविवारच्या शेतकरी बाजारात एका सुशिक्षित, सधन आणि एरवी अत्यंत सज्जन गृहस्थांनी शिरूरकडून आलेल्या शेतकरी बाईंना विचारले, “सेंद्रिय म्हणता, पण सर्टिफिकेट कुठे आहे?” बाईंनी गटाचा कागद दाखवला. तो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट वाचला, परत दिला आणि म्हणाले, “बरं, मग किलोमागे दहा रुपये कमी करा.” तूरडाळ १८० रुपये किलो होती. मी मागेच उभी होते आणि गप्प बसले, त्याचा राग आता इथे काढते आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या मावशीबद्दल मी पूर्वीही लिहिले आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटीत (कपाशीत) तुरीचे तास, धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने ज्वारी, मधे बरबटी (चवळी). २०१७ च्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा तिने फवारणीचा पंप माळ्यावर टाकला तो कायमचा, आणि गावातल्या सेंद्रिय शेती करणाऱ्या गटात नाव घातले. कीड आवरायला झाडपाल्यापासून घरीच केलेल्या दशपर्णी अर्काचा वास घरभर सुटतो म्हणून काकांनी वर्षभर कुरकुर केली, पण पंप काही खाली आला नाही.

सेंद्रियचा दाखला मिळण्याआधी हंगामी पिकांना दोन वर्षे रूपांतराची, म्हणजे रासायनिकाकडून सेंद्रियकडे वळण्याची, काढावी लागतात. त्या दोन वर्षांत उतारा घटतो, निंदणाचा खर्च वाढतो आणि माल मात्र इतरांच्याच भावाने जातो. ती वर्षे मावशीने काढली. मग तपासणीला माणूस आला. त्याने डायरी पाहिली, बियाण्याच्या पावत्या पाहिल्या, शेजाऱ्याच्या धुऱ्यालगत सोडलेली पट्टी पावलांनी मोजली, आणि शेवटी गोठ्यात खुंटीला टांगलेले युरियाचे रिकामे पोते पाहून थबकला. पावसात डोक्यावर घ्यायला मावशीने त्याची खोळ केली होती, जशी तिकडे घरोघरी असते. “पोतं रिकामं हाय बाप्पा, युरिया त् शेजाऱ्याच्या वावरात गेला,” असे ती म्हणाली. त्याने ते लिहून घेतले. त्या वर्षी तिचे शेत गटाच्या सेंद्रिय शेतांच्या यादीतून वगळले गेले आणि तिचा कापूस साध्या भावाने गेला.

आता मला सांगा, ज्याच्या वावरात तो युरिया प्रत्यक्ष पडला, त्या शेजाऱ्याला कुणी काही विचारले का? त्याने डायरी लिहायची नाही, तपासणीची फी भरायची नाही, त्याच्या फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने मावशीच्या पऱ्हाटीवर आले तरी पट्टी मावशीनेच सोडायची. वर ४५ किलोची युरियाची गोणी त्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेला बोजा सरकार, म्हणजे तुम्ही-आम्ही, उचलतो. विष टाकणाऱ्याने काहीच सिद्ध करायचे नाही आणि न टाकणाऱ्याने मात्र गोठ्यातल्या खोळीपर्यंत सगळे सिद्ध करायचे, हा न्याय कुठला? (शेजारी वाईट माणूस नाही. मावशीच्या बैलाला रात्री दोन वाजता डॉक्टर आणणारा तोच.)

खोटे दाखले विकले जातात, हे मला मान्य आहे. सेंद्रिय कापसाच्या व्यापारात बनावट कागदांचे मोठे प्रकरण २०२० साली उघडकीस आले होतेच. पण ते कागद व्यापाराच्या साखळीत वर कुठेतरी फिरत होते, आणि त्यांची शिक्षा गोठ्यापर्यंत येते.

आणि त्या दहा रुपयांबद्दल. २०२५-२६ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. शंभर किलो तुरीची सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ पडते, म्हणजे त्या हमीभावानेच धरले तरी किलोभर डाळीतल्या नुसत्या तुरीचे ११० रुपये होतात; त्यावर भरडाई, निवडणे, पिशवी, टेम्पो आणि दाखल्याचा खर्च. निवडण्याची मजुरी तर बाया धरतच नाहीत. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मान तुकवणारे आपण, समोर शेतकरी दिसला की आपल्याला घासाघीस आठवते. न्याय्य व्यापार म्हणजे उपकार नव्हे, तो साधा हिशेब आहे, हे माझे लिखाण नेहमी वाचणाऱ्या मंडळींना सांगायची गरज नसावी, तरी सांगते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून एक कबुलीही देऊन टाकते. मावशीने पहिल्यांदा डाळ पाठवली तेव्हा मीच फोनवर विचारले होते, “पण मावशी, खात्रीची आहे ना?” ती हसली होती. पुढे त्या पोत्याच्या प्रकरणात गटाच्या बैठकीत पंचवीस-तीस जणांनी ठरवले की तिच्या दाखल्याचा पुढच्या वर्षीचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या गोठ्यात डोकावून यायचे. सहकाराचे आपण महाराष्ट्रात प्रवरानगरपासून गोडवे गातो आणि त्याच्या सध्याच्या अवस्थेवर विनोदही करतो, ते दोन्ही रास्त आहे. पण त्या बैठकीचे वर्णन ऐकताना माझ्या घशात आवंढा आला होता. खोळ आता जुन्या ताडपत्रीची आहे.

मघाशी मावशीला फोन करून सकाळचा प्रकार सांगितला. मला वाटले, ती चिडेल. तिने शांतपणे विचारले, “मंग घेतली का त्यायनं डाळ?” मी म्हटले, घेतली, अर्धा किलो. “त्यायले सांग, पालिश नाही म्हणा तिले, रातभर भिजू घाला. नाहीतर शिजली नाही म्हणून पुन्हा त्या बाईलेच बोलतीन.”