सहा किलोचा कुत्रा रानडुक्कर रोखू शकत नाही

‘जॅक रसेल टेरियर पाळा आणि जागल (रात्रीची शेतराखण) विसरा’ असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर विदर्भातल्या गावागावांत फिरतो आहे. हा कुत्रा रानडुकरे आणि रोही (नीलगाई) पळवून लावतो, साप मारतो, उंदीर संपवतो, आखूड केसांमुळे त्याला ऊन बाधत नाही आणि लहान असल्याने दिवसभर बांधून ठेवला तरी चालतो, असे त्यात म्हटले आहे. यवतमाळ जिल्ह्यात शेती करणाऱ्या माझ्या काकांनी त्यावर विश्वास ठेवून पिल्लासाठी इसारही दिला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला दावा सर्वांत अविचारी आहे. या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कुत्र्याची उंची २५ ते ३० सेंटिमीटर आणि वजन पाच-सहा किलो असते; वाढलेला नर रानडुक्कर शंभर किलोच्या घरात जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात जॉन रसेल या धर्मगुरूने ही कुत्री वाढवली, ती कोल्ह्याच्या बिळात शिरून, भुंकून त्याला बाहेर काढण्यासाठी. पुढचा पाठलाग मोठी शिकारी कुत्री करीत. समोरचे जनावर कितीही मोठे असो, मागे हटायचे नाही आणि धन्याने हाक मारली तरी माग सोडायचा नाही, हा स्वभाव त्यातूनच आला. हा स्वभाव घेऊन तो रात्री तुरीच्या वावरात डुकरांच्या कळपात शिरला, तर सुळ्याच्या एका फटक्यात त्याचे पोट फाटेल. शिवाय बिबट्या आहेच. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. तो मुलूख उसाचा आणि आपला कपाशीचा, हे खरे. त्यामुळे तोच आकडा इथे लागू होईलच असे नाही, पण कुत्रा बिबट्याचे भक्ष्य आहे, हे त्यातून दिसतेच. ज्याला आपण राखणदार म्हणून माळ्याखाली बांधणार, तो बिबट्यासाठी आयते आमिष ठरू शकतो.

साप मारण्याचा दावा अर्धवट खरा, म्हणून अधिक घातक आहे. टेरियर सापावर झेपावतो आणि त्याला तोंडात धरून झटकतो, हे खरे आहे. पण घोणस किंवा नाग त्याच क्षणी त्याच्या तोंडावर दंश करू शकतो, आणि एवढ्याशा देहाला तेवढे विष फार होते. प्रतिविष तातडीने द्यावे लागते, आणि गावापासून तालुक्याच्या पशुवैद्यकापर्यंत रात्री किती वेळ लागतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. धुऱ्यावरच्या बिळांत केवळ उंदीर नसतात. साप असतात, घोरपड असते, साळिंदर असते. बीळ दिसले की हा कुत्रा उकरणारच, आणि ती सवय मारून मोडत नाही.

उंदरांचे म्हणणे मात्र मान्य करावे लागते. घुशी आणि उंदीर मारण्यात तो खरोखर तरबेज असतो. मात्र ज्या घरात किंवा शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड टाकले जाते, तिथे ते आमिष किंवा त्याने मेलेला उंदीर खाऊन कुत्राही दगावू शकतो, आणि जो उंदरावर झेपावतो तो अंगणातल्या कोंबडीच्या पिल्लावरही झेपावतो.

उन्हाविषयी लिहिणाऱ्याने मे महिन्यातला चंद्रपूर पाहिलेला नसावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो, त्यामुळे ४५ अंशांत केस आखूड असल्याचा उपयोग थोडाच. पहाटे आणि सूर्यास्तानंतर मिळून रोज निदान तासभर पळवणे, सावली आणि सतत पाणी, ही त्याची किमान गरज आहे. ती न भागवता बांधून ठेवलेला टेरियर सारखा भुंकतो, दोर कुरतडतो आणि चिडून मुलांनाही चावतो. म्हणून रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे द्यायलाच हवी. ‘घरातल्या कुत्र्याला लस कशाला’ हे त्या मजकुरातले वाक्य तर थेट माणसांच्या जिवावर उठणारे आहे.

मजकुराच्या शेवटी दीड महिन्याचे पिल्लू घरपोच देण्याचे आश्वासन आहे. श्वान प्रजनन आणि विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि प्रजनन करणाऱ्याकडे राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. ते प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत.