कर्जखात्यातून कादंबरीकडे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

‘बँकेत पोट भरलं, आता पन्नाशीत पेशवाईवर कादंबरी लिहायची हौस आली, असे हौशी लोकच इतिहासाची वाट लावतात,’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पोटाचं आधी. घराचं कर्ज फिटलं होतं, बायकोची नोकरी चालू आहे, म्हणून राजीनामा देता आला. ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत त्याला मी हा मार्ग सुचवणार नाही.

पण ‘हौस’ मला मान्य नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांची कर्जप्रकरणं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कारखानदार काय सांगतो त्यापेक्षा माल कुठे अडकलाय, उधारी किती थकलीय, हे आधी बघायचं. त्याच नजरेनं पेशवाई वाचू लागलो तेव्हा दिसलं, की मोहिमा तलवारीइतक्याच सावकारांच्या पैशावर चालत होत्या. माधवराव पेशव्यांनी १७७२ मध्ये मरणाआधी जी कलमं लिहून ठेवली, त्यांत कर्ज फेडण्याची काळजी आहे. सत्तावीस वर्षांचा, क्षयानं खंगलेला माणूस, आणि मनात सावकारांचं देणं! कादंबरी तिथून सुरू झाली.

माझा नायक नाशिकच्या पेढीवरचा एक गुमास्ता, काल्पनिक. त्याच्यापुढे दर्शनी हुंडी येते, म्हणजे दाखवल्याबरोबर पैसे मोजायचे. पण कोणते? अंकुशी, चांदवडी, सुरती, अशा नाना रुपयांतून ज्याचा त्याचा बट्टा, म्हणजे बदलताना होणारी वजावट, वेगळा. तो एकेक रुपया उजेडाला धरतो, आधीच्या सराफांनी ठोकलेल्या खुणा बघतो, मग बट्टा ठरवतो. असे व्यवहार मुळातून वाचता यावेत म्हणून मोडी शिकलो. आधी ओळभर रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं, शब्दाशब्दांत फट नाही. तारखेच्या जागी ‘सलास सबैन मया व अलफ’, म्हणजे पेशवाईच्या कागदांत वापरलेल्या शुहूर कालगणनेचा सन ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३. हे वाचता आलं त्या दिवशी झालेला आनंद मला कुठल्याही बढतीनं दिला नव्हता.

तुमचा एक मुद्दा मात्र मोलाचा आहे: कादंबरीतले संवाद पुढे व्हॉट्सॲपवर इतिहास म्हणून फिरतात. म्हणूनच नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिलेल्या गोपिकाबाई, माधवरावांच्या आई, माझ्या कादंबरीत एक वाक्यही बोलत नाहीत. गुमास्ता त्यांना लांबून बघतो, एवढंच. जिथे कागद आहे तिथे मी कागदाचं ऐकतो. कल्पना चालवायची ती गुमास्त्याच्या घरात, गहाण पडलेल्या त्याच्या बायकोच्या पाटल्यांवर, ज्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

तुमची हरकत नसेल तर बट्ट्याचं प्रकरण पाठवतो. व्याजाचा हिशेब मी सांभाळेन. एखादा हुद्दा, एखादी रीत त्या काळाला सोडून वाटली तर समासात खूण करा. छपाईला जाण्याआधी बदलतो.