म्हशीची उल्लेखनीयता

मावशीच्या म्हशीला विकिपीडियावर जागा द्यायची की नाही, हे ठरवायची वेळ माझ्यावर आली ती ऐन गणपतीत, दुसऱ्या मोदकावर तूप घेताना.

म्हैस पुस्तकातली. मावशी सांगलीला शिक्षिका असताना, १९९१ साली, तिने पाण्याला भिणाऱ्या एका म्हशीची गोष्ट लिहिली होती. सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म, मध्ये दोन पिना, किंमत ८ रुपये. पुस्तकाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर हाच लेख उद्या पुरावा म्हणून जोडला जाईल. कोण जोडेल तेही मला माहीत आहे.

मावशीचा नातू, वय चौदा. त्याने सुट्टीत मराठी विकिपीडियावर त्या पुस्तकाचं पान बनवलं. पहिलं वाक्य : ‘ही मराठी बालसाहित्यातील अजरामर म्हैस आहे.’ मी तिथे फावल्या वेळात गावांच्या पानांवरची सरपंचांची स्तुती उडवत असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पोरगं म्हणालं, “मामा, आपल्या पानाला कोणी हात लावणार नाही ना?” आता हात लावणारा मीच, हे त्याला मोदक खाता खाता कसं सांगणार?

तिथे या प्रकाराला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. पुस्तक चांगलं आहे का, हा प्रश्नच नसतो. ज्याचं त्यात काही देणंघेणं नाही अशा कोणी त्याची दखल घेतली का, एवढंच बघायचं. इंग्रजी विकिपीडियाने पुस्तकांसाठी पाच कसोट्या लिहून ठेवल्यात आणि पाचातली एक जमली तरी भागतं. दहावीला एवढी सवलत असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

पहिली कसोटी, स्वतंत्र परीक्षणं, निदान दोन. मावशीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. पिवळ्या पडलेल्या कात्रणांत एका मासिकातलं ‘साभार पोच’ निघालं. पुस्तकाचं नाव, मावशीचं नाव, पाने ३२, मूल्य ९ रु. मूल्यही चुकलेलं.

“मावशी, हे परीक्षण नाही. ही पावती आहे.”

“अरे, पण ‘साभार’ म्हटलंय ना!”

दुसरी, मोठा पुरस्कार. होता की! तालुक्याच्या वाचनालयाचा स्मृतिपुरस्कार : शाल, श्रीफळ आणि ५०१ रुपये. कोणाच्या स्मृतीचा, असं मी विचारल्यावर काकांनी पेपर खाली न घेता सांगितलं, “माझ्या वडिलांच्या.”

“म्हणजे पैसे...”

“माझेच. पण परीक्षक बाहेरचे होते. मिरजेचे.”

तिसरी, पुस्तकावरून गाजलेला चित्रपट वगैरे. ‘श्यामची आई’वर चित्रपट निघाला आणि १९५४ साली, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन आला. आमच्या म्हशीवर शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटुकलं झालं. त्याबद्दल पुढे बोलतो, मला जरा अवघड जातं.

चौथी, दोन किंवा जास्त शाळांमध्ये पुस्तक शिकवलेलं असावं. मावशीने आपल्या शाळेत वाचलं, माझ्या आईने तिच्या शाळेत ऑफ तासाला वाचलं. झाल्या दोन! नातवाने तर टाळीच वाजवली. पाचवी कसोटी, लेखक ऐतिहासिक महत्त्वाचा असावा, ती मी वाचणारच नव्हतो. पण त्याने खांद्यावरून वाचली आणि आजीकडे बघितलं. काका म्हणाले, “आहेच.”

मग मी अवांतर वाट धरली. पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे मागच्या कव्हरवरचा ओळख क्रमांक, असावा आणि ते निदान डझनभर ग्रंथालयांत असावं, असंही त्या नियमांत आहे. शिवाय देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही नोंद हवी. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याला प्रत पाठवायची असते. मावशीचे प्रकाशक तिला लेखकाच्या प्रतीसुद्धा “येऊन घेऊन जा” म्हणाले होते. आयएसबीएनच्या जागी बदकाचं चित्र होतं. म्हैस काढायला जागा पुरली नसावी.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो. रजिस्टरमध्ये तीन प्रती दाखल, त्यातल्या दोनांसमोर ‘जीर्ण, बाद’. तिसरी ग्रंथपालबाईंनी दोन्ही हातांनी आणून दिली, पापड आणावा तशी. कव्हरच्या कोपऱ्याला बारक्या दातांच्या खुणा. म्हैस पान ७ पर्यंत काळी, तिथून पुढे कोणीतरी खडूने जांभळी केलेली. तारखेची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. पान २८ नंतर काहीच नाही. म्हैस पाण्यात उतरते की नाही, हे नेमकं तिथून पुढे होतं.

“धड अवस्थेतली पुस्तकं हवीत का?” बाईंनी विचारलं. “ती वरच्या फळीवर आहेत. त्यांना कोणी हात लावत नाही.”

माझी पंचाईत ही. मोठ्यांच्या पुस्तकावर मोठी माणसं छापून भांडतात, त्याचे संदर्भ होतात. पोरं पुस्तक आवडलं तर ते चावतात. आता दुधाच्या दाताचा पृष्ठक्रमांक कसा द्यायचा? आणि जितकं जास्त आवडलं, तितकं लवकर ‘बाद’.

शेवटी मी मन घट्ट केलं आणि पानावर उल्लेखनीयतेच्या शंकेचा साचा, म्हणजे इशाऱ्याची पाटी, स्वतःच लावला. चर्चापानावर हितसंबंधही प्रामाणिकपणे जाहीर केले : ‘मी लेखिकेचा भाचा. तसेच नाट्यरूपांतरात म्हशीचे मागचे दोन पाय.’ खाली सही केली. नातू माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मावशी बोलली, पण मला वाढताना मोदक मोजून वाढले.

तिसऱ्या दिवशी खाली एका अनोळखी संपादकाचं उत्तर आलं. ‘पुरेसे संदर्भ नाहीत. पान काढावे, असे माझे मत.’ मग एक ओळ सोडून : ‘अवांतर. हे पुस्तक लहानपणी आमच्याकडे होते. शेवटची पाने नव्हती. म्हैस पाण्यात उतरली का?’

मी मोबाईल मावशीपुढे धरला. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“पान काढा म्हणतोय तो,” मी म्हटलं.

“म्हणू दे. पत्ता विचार त्याला,” मावशी डबा उघडत म्हणाली. “शेवटची चार पानं झेरॉक्स करून पाठवते.”